पहाटे तीनचा प्रयोग: ओटो लोवी आणि बेडकाची दोन हृदयं

मानेतून छातीत उतरणाऱ्या व्हेगस या मज्जातंतूला विजेचा हलका झटका दिला की हृदय मंदावतं. झटका वाढवला तर काही क्षण थांबतंसुद्धा. वेबर बंधूंनी हे 1845 मध्येच दाखवून दिलं होतं. त्यानंतर पाऊणशे वर्षं गेली, तरी ते मंदावतं कसं हे कुणाला नीट सांगता येत नव्हतं. तंतूतून विजेची लहर धावते हे मोजता येत होतं. पण तंतू जिथे संपतो आणि हृदयाचा स्नायू सुरू होतो, त्या सांध्यावर काय घडतं? लहरच सरळ पलीकडे जाते, की तंतूचं टोक एखादं रसायन सोडतं आणि ते रसायन स्नायूपर्यंत निरोप पोचवतं? बहुतेकांचा कल विजेकडे होता. मज्जातंतूंचं काम इतकं चपळ, आणि रसायन म्हटलं की ते सुटणार, झिरपणार, मग परिणाम करणार. एवढा वेळ असतो कुठे, असा साधा हिशेब त्यामागे होता.

या प्रश्नावरचा पहिला टिकाऊ पुरावा ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात मिळाला. तिथल्या विद्यापीठात औषधशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या ओटो लोवींना तो प्रयोग झोपेत सुचला.

विज्ञानात 'आतून सुचणं' हा विषय निघाला की आपल्याकडे रामानुजन आणि नामक्कलची नामगिरी देवी हमखास येतात. युरोपात रसायनशास्त्रज्ञ केकुले आणि बेंझीनच्या रेणूची रचना सुचवणारा, स्वतःची शेपटी तोंडात धरणारा त्याच्या स्वप्नातला साप येतो. दोन्ही उदाहरणं मोहक आहेत, पण तपासायला गेलं तर हाती फारसं लागत नाही. रामानुजनांच्या वह्यांत बहुतेक ठिकाणी नुसते निष्कर्ष आहेत, वाट दिसत नाही. केकुलेने सापाची गोष्ट जाहीरपणे सांगितली ती 1890 मध्ये, बेंझीनवरचा लेख छापून येऊन पंचवीस वर्षं झाल्यावर. लोवींच्या प्रकरणात मात्र सुचण्याआधी डोक्यात काय काय होतं, सुचलं ते नेमकं काय, आणि ते खरं ठरायला पुढे किती वर्षं लागली, या तिन्हींचा माग बऱ्यापैकी लागतो. म्हणून हे प्रकरण सविस्तर पाहण्यासारखं आहे.

कल्पना आधीपासून हवेत होती

लोवींना स्वप्नात 'मज्जातंतू रसायन सोडतात' ही कल्पना सुचली, असं अनेक ठिकाणी लिहिलेलं सापडतं. ते बरोबर नाही. ती कल्पना तेव्हा सोळा-सतरा वर्षं जुनी होती आणि लोवींच्या एकट्याची नव्हती.

केंब्रिजमधला टी. आर. एलियट हा तरुण संशोधक ॲड्रेनलिन या संप्रेरकावर काम करत होता. ॲड्रेनलिन टोचलं की शरीरात जे होतं, ते आणि सिंपथेटिक (हृदयाचा वेग वाढवणारे) मज्जातंतू उद्दीपित केल्यावर जे होतं, ते जवळजवळ सारखंच असतं असं त्याच्या लक्षात आलं. लहर तंतूच्या टोकाशी पोचते तेव्हा दर वेळी तिथे ॲड्रेनलिन सुटत असेल काय, अशी शक्यता त्याने 1904 मध्ये मांडली. पुढे त्याने ती लावून धरली नाही. केंब्रिजमध्येच डब्ल्यू. ई. डिक्सन यांनी आणखी एक पाऊल टाकलं. कुत्र्याचा व्हेगस उद्दीपित करून त्याच्या हृदयाचा अर्क काढला आणि तो बेडकाच्या हृदयावर घातला. बेडकाचं हृदय मंदावलं. म्हणजे 1907 च्या आसपास, निदान कागदावर, उत्तराचा अर्धा भाग छापून झाला होता. कुणी फारसं मनावर घेतलं नाही आणि डिक्सननीही विषय सोडून दिला.

लोवींच्या डोक्यात ही कल्पना आली 1903 मध्ये. तेव्हा ते मारबुर्गला होते आणि केंब्रिजचे वॉल्टर फ्लेचर तिथे काही काळ कामाला आले होते. गप्पांत विषय निघाला की काही औषधं मज्जातंतूंची हुबेहूब नक्कल करतात. लोवी म्हणाले, मग तंतूंच्या टोकांत तसलीच रसायनं असतील आणि उद्दीपनाने ती सुटत असतील. हे सिद्ध कसं करायचं ते मात्र त्यांना सुचेना. पुढे ते व्हिएन्नाला गेले, 1909 मध्ये ग्राझला आले, चयापचयावर आणि हृदयावर काम करत राहिले. त्या गप्पा मनातून पार पुसल्या गेल्या, असं त्यांनी स्वतःच नंतर लिहून ठेवलं आहे.

तेव्हा कल्पनेचा तुटवडा नव्हता. किमान तीन माणसांकडे ती होती. तिला हो किंवा नाही म्हणायला लावणारी मांडणी कुणाकडे नव्हती.

दोन रात्री

आठवणींत लोवी सांगतात ते असं. 1920 च्या ईस्टरच्या रविवारची आदली रात्र. त्यांना जाग आली, दिवा लावला, पातळ कागदाच्या एका चिटोऱ्यावर काहीतरी खरडलं आणि ते पुन्हा झोपले. सकाळी सहाला आठवलं की रात्री आपण काहीतरी फार महत्त्वाचं लिहिलंय. चिटोरा होता, पण अक्षर लागेना. तो रविवार कसा गेला असेल ते ज्याने त्याने कल्पावं. लिहिलेलं हातात आहे, स्वतःचंच अक्षर आहे, आणि एक शब्द उलगडत नाही.

दुसऱ्या रात्री तीन वाजता तीच कल्पना परत आली. या वेळी त्यांनी कागदाच्या भानगडीत न पडता थेट प्रयोगशाळा गाठली.

रात्री आलेली ही वस्तू म्हणजे सिद्धांत नव्हता. सतरा वर्षांपूर्वीचा सिद्धांत तपासायचा कसा, याची ती कृती होती. आणि ती कृतीसुद्धा आकाशातून पडलेली नव्हती. हृदयातून आतल्या द्रवात काही उतरतं का हे पाहण्याची एक पद्धत लोवींनी 1918 च्या सुमारास दुसऱ्याच एका प्रश्नासाठी वापरली होती. लोवींनी स्वतः या घटनेचा उलगडा असाच केला आहे: 1903 चा प्रश्न आणि अलीकडेच हाताखालून गेलेली पद्धत यांची एकदम गाठ पडली. जागेपणी या दोन गोष्टी दोन वेगवेगळ्या कप्प्यांत होत्या. एकीचं नाव 'मज्जातंतू', दुसरीचं 'औषधांचा हृदयावरचा परिणाम'.

प्रयोग

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला ज्यांनी बेडकाच्या हृदयाचं प्रात्यक्षिक प्रत्यक्ष केलं आहे, त्यांच्या डोळ्यांसमोर ही मांडणी लगेच उभी राहील. काजळी धरलेला कागद गुंडाळलेला ड्रम सावकाश फिरतोय. हृदयाच्या टोकाला अडकवलेला दोरा एका हलक्या तरफेला बांधलाय, आणि तरफेचं टोक काजळी खरवडत पांढरी नागमोडी रेघ ओढतंय. एक ठोका, एक शिखर. तास संपला की कागद व्हार्निशमध्ये बुडवून दोरीवर वाळत घालायचा आणि बोटांची काजळी घरी घेऊन जायची. आता बहुतेक कॉलेजांत हे संगणकाच्या पडद्यावरच दाखवतात. बेडकांच्या दृष्टीने ते उत्तमच झालं.

लोवींनी दोन बेडकांची हृदयं काढून घेतली. पहिल्या हृदयाला त्याचे मज्जातंतू जोडलेले ठेवले, दुसऱ्याचे काढून टाकले. दोन्हींत काचेची एकेक बारीक नळी बसवली आणि तिच्यात थोडं रिंगर द्रावण भरलं. हे म्हणजे मीठ, पोटॅशियम, कॅल्शियम असलेलं पाणी. त्यावर बेडकाचं हृदय शरीराबाहेर तासन्‌तास धडधडत राहतं. पहिल्या हृदयाचा व्हेगस काही मिनिटं उद्दीपित केला. ते मंदावलं, यात नवीन काही नव्हतं. मग त्या हृदयातलं रिंगर द्रावण काढून दुसऱ्या हृदयात घातलं. दुसऱ्याला कुठलाच मज्जातंतू नव्हता, विजेचा झटका दिलेला नव्हता. तरी तेही मंदावलं, त्याची शिखरं बुटकी झाली, जणू त्याचाच व्हेगस कुणी छेडला होता. पुढे पहिल्या हृदयाचा वेग वाढवणारे तंतू उद्दीपित करून त्यातलं द्रावण घातलं, तर दुसरं हृदय भराभर चालू लागलं.

वीज द्रावणातून चमच्याने उचलून नेता येत नाही. दुसऱ्या हृदयापर्यंत गेला तो कुठलातरी पदार्थ होता. लोवींनी त्याला काहीही रासायनिक नाव द्यायचं टाळलं आणि नुसतं 'व्हेगसचा पदार्थ' म्हटलं. 1921 मध्ये जर्मन नियतकालिकात आलेला हा पहिला लेख अवघा चार पानांचा आहे.

दिवसा हा प्रयोग झाला नसता

या प्रकरणातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग लोवींची एक कबुली आहे. ते म्हणतात, दिवसाउजेडी नीट विचार केला असता तर मी हा प्रयोग नक्कीच रद्द केला असता. कारण तंतूच्या टोकाने समजा एखादा पदार्थ सोडला, तरी तो समोरच्या स्नायूपुरता, अगदी मोजकाच सोडेल. उरून, सांडून, आतल्या द्रवात मिसळून, वर दुसरं हृदय मंदावण्याइतका तो शिल्लक राहील, असं मानायला काही आधार नव्हता.

हा आक्षेप बिनबुडाचा नाही. आजही कुठल्याही परीक्षकाने तो घेतला असता. प्रकल्पाचा प्रस्ताव लिहून समितीपुढे ठेवला असता, तर 'पदार्थ द्रावणात येईल हे कशावरून?' या एका ओळीवर तो परत आला असता, आणि समितीचं काही चुकलं असंही म्हणता आलं नसतं.

अंतःप्रेरणेचं जे चित्र आपण रंगवतो त्यात तिला जास्त दिसतं, दूरचं दिसतं. इथे उलट झालं. पहाटे तीनच्या लोवींना दुपारच्या लोवींपेक्षा कमी दिसत होतं. आडवा येणारा एक रास्त मुद्दा त्या वेळी डोक्यात हजर नव्हता, म्हणून पाय उचलला गेला. लोवी स्वतः याला नशीब म्हणतात: त्या क्षणी मी विचार केला नाही, लगेच कृती केली. यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष असा की अचानक सुचलेल्या गोष्टीवर कधीकधी फार शंका न घेता विश्वास टाकावा.

तो निष्कर्ष मला थोडा अपुरा वाटतो. विश्वास टाकायला लोवींना खर्च काय आला? दोन बेडूक, आधीच मांडून ठेवलेली उपकरणं, आणि तशीही उडालेली झोप. काही हाती लागलं नसतं तर सकाळी चहा घेऊन नेहमीच्या कामाला लागायचं होतं. इतक्या स्वस्तात तपासता येणारी गोष्ट सुचली, तर आक्षेपाशी वाद घालत बसण्यापेक्षा करून पाहणं केव्हाही शहाणपणाचं. तेच जर पाच वर्षांचं अनुदान, चार विद्यार्थ्यांच्या पीएचड्या आणि शंभर प्राणी लागणार असते, तर दुपारच्या लोवींचं ऐकायला हवं होतं. सुचलेल्या गोष्टीला किती किंमत द्यायची हे ती किती तीव्रतेने सुचली यावर ठरवू नये. ती चुकली तर काय जाईल, यावर ठरवावं.

बेडूक, थंडी आणि थोडंसं पाणी

मग तो रास्त आक्षेप खोटा का ठरला? याची कारणं लोवींना त्या रात्री ठाऊक नव्हती.

एक कारण बेडकाच्या हृदयातच आहे. आपल्या हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या स्वतंत्र वाहिन्या असतात. बेडकाच्या जवनिकेचा स्नायू स्पंजासारखा असतो आणि पोकळीतल्या रक्तावरच पोसतो. त्यामुळे स्नायूत सुटलेलं रसायन पोकळीतल्या द्रावणात सहज उतरतं. दुसरं, लोवींनी वापरलेल्या नळीत द्रावण अगदी थोडं मावतं आणि तेच आतबाहेर होत राहतं. मोठ्या भांड्यातून द्रावण सतत वाहतं ठेवणारी मांडणी असती, तर पदार्थ विरळ होऊन वाहून गेला असता.

तिसरं कारण ऋतूचं. बेडकाच्या व्हेगसमध्ये हृदय मंदावणारे आणि वेग वाढवणारे असे दोन्ही तंतू एकाच जुडीत असतात. थंडीच्या दिवसांतल्या बेडकात मंदावणाऱ्यांचं पारडं जड असतं, उन्हाळ्यात वेग वाढवणाऱ्यांचं. शिवाय मंदावणारा हा पदार्थ हृदयातलं एक विकर (एन्झाइम) झपाट्याने मोडून टाकतं, आणि थंडीत ते विकर संथ असतं. ईस्टर 4 एप्रिलला होता; ग्राझमध्ये हिवाळा नुकता सरत होता. हेच स्वप्न ऑगस्टमध्ये पडलं असतं तर लोवींना बहुधा दोन गोंधळलेली हृदयं आणि एक वाया गेलेली रात्र मिळाली असती.

इतरांना नेमकं तेच मिळालं. प्रयोग पुन्हा करून पाहणाऱ्यांपैकी काहींना जमला, काहींना मुळीच जमला नाही. बर्नचे लेऑन आशर यांच्यासारख्या नामवंतांनी उघड विरोध केला. जात वेगळी, तापमान वेगळं, नळी वेगळी, आणि यातलं नेमकं काय बिघडवतंय हे कुणालाच माहीत नाही. वाद पाच-सहा वर्षं चालला. शेवटी 1926 मध्ये स्टॉकहोमच्या आंतरराष्ट्रीय शरीरशास्त्र परिषदेत लोवींना सर्वांसमक्ष प्रयोग करून दाखवावा लागला. एकाच हृदयावर 18 वेळा त्यांनी तो दाखवला.

गोष्टीची जुळवाजुळव

ही स्वप्नकथा लोवींनी आयुष्यभर अनेकांना सांगितली, आणि ऐकणाऱ्यांनी पुढे सांगितली. साहजिकच तिच्या बऱ्याच आवृत्त्या झाल्या. काहींत वर्ष 1921 आहे. ते शक्य नाही, कारण त्या वर्षी ईस्टर 27 मार्चला होता आणि लोवींचा लेख संपादकांकडे 20 मार्चलाच पोचला होता. 1920 धरलं तर स्वप्न आणि लेख यांत जवळपास वर्षाचं अंतर पडतं. पहाटे पाचपर्यंत सगळं निर्विवाद सिद्ध झालं, अशीही एक आवृत्ती प्रचारात आहे. मग लेखाला वर्ष का लागलं? माझा अंदाज साधा आहे: त्या पहाटे दिसलं ते पुन्हा पुन्हा करून पाहण्यात, दुसऱ्या जातीच्या बेडकांवर तपासण्यात ते वर्ष गेलं असावं. कुठलाही सावध माणूस तेच करेल. पण गोष्टीत ते वर्ष बसत नाही, म्हणून ते गळतं. स्वप्न, पहाट आणि विजय एवढं उरतं.

म्हणून स्वप्न पडलंच नाही, असं मी म्हणणार नाही. लोवींनी ते बनवून सांगितलं असं मानायला कारण नाही. फक्त हेही लक्षात ठेवायला हवं की न वाचता आलेल्या चिठ्ठीची गोष्ट आपण सांगतो ती पुढचं सगळं खरं ठरलं म्हणून. ज्यांच्या चिठ्ठ्या वाचता आल्या आणि प्रयोग फसला, ते कुणाला सांगायला जात नाहीत.

'सिद्ध झालं' कधी म्हणायचं

खरं जड काम पहाटेनंतर सुरू झालं. ॲट्रोपिन हे औषध दिलं की व्हेगसचा हृदयावर परिणाम होत नाही हे जुनं ज्ञान होतं. लोवींनी दाखवलं की ॲट्रोपिन दिल्यावरही पदार्थ सुटतोच, फक्त हृदय त्याला दाद देत नाही. 1926 मध्ये एर्न्स्ट नाव्राटिल यांच्यासह त्यांनी त्या पदार्थाला मोडणाऱ्या विकराचा छडा लावला, आणि फायसोस्टिग्मिन हे औषध त्या विकराला रोखतं हेही दाखवलं. विकर रोखलं की पदार्थ टिकतो. स्वप्नातल्या प्रयोगात जे ऋतूच्या मेहेरबानीने झालं, ते आता हवं तेव्हा करता येऊ लागलं.

लंडनमध्ये लोवींचे जुने मित्र हेन्री डेल यांनी ॲसिटिलकोलिन नावाच्या रसायनाचे गुण 1914 मध्येच तपासले होते. व्हेगसची ते बेमालूम नक्कल करतं हे त्यांनी नोंदवलं होतं. अडचण इतकीच की प्राण्याच्या शरीरात ते असतं याला पुरावा नव्हता. तो डेल आणि हॅरल्ड डडली यांना 1929 मध्ये बैल आणि घोड्याच्या प्लीहेत सापडला. लोवींचा 'व्हेगसचा पदार्थ' म्हणजे हेच रसायन, यावर मग शंका उरली नाही. 1936 चं नोबेल पारितोषिक डेल आणि लोवींना विभागून मिळालं. दोनच वर्षांनी नाझींनी ऑस्ट्रिया घेतला त्या रात्री लोवींना अटक झाली. पारितोषिकाची रक्कम नाझींच्या ताब्यातल्या बँकेत वळती करून द्यावी लागली, तेव्हा कुठे देश सोडता आला.

हे सगळं बेडकापुरतं राहिलेलं नाही. कापसाच्या पट्ट्यात फवारणीच्या दिवसांत विषबाधेचे रुग्ण येतात, 2017 मध्ये यवतमाळमध्ये तर त्याने हाहाकार झाला. त्यातल्या ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांचं काम नेमकं याच सांध्यावर चालतं: ती ॲसिटिलकोलिन मोडणाऱ्या विकराला जखडून टाकतात. रसायन साचत जातं. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, तोंडाला फेस येतो, छाती भरून येते, नाडी मंदावू शकते. तालुक्याच्या रुग्णालयातला डॉक्टर ॲट्रोपिनच्या इंजेक्शनांवर इंजेक्शनं देत छाती कोरडी होण्याची आणि नाडी वर येण्याची वाट पाहतो. लोवींचं दुसरं हृदय, नाव्राटिलबरोबरचं विकर आणि ॲट्रोपिन हे तिन्ही त्या खाटेशी एकत्र येतात.

त्याच माणसाचा चुकलेला अंदाज

इथवर वाचून असं वाटेल की लोवींना मज्जातंतूंच्या रसायनांबद्दल काही खास आतली जाण होती. ती तपासायची संधी इतिहासाने दिली आहे. हृदय, आतडी अशा आपोआप चालणाऱ्या इंद्रियांचा प्रश्न सुटल्यावर पुढचा प्रश्न हात-पाय हलवणाऱ्या स्नायूंचा होता. तिथेही रसायनच निरोप देतं का? लोवींनी 1933 मध्ये एका व्याख्यानात सांगितलं की व्यक्तिशः मला तसं वाटत नाही. ज्याने रसायनाची बाजू जगाला पटवली, त्यालाच ती इथे पटेना.

डेल, जर्मनीतून परागंदा होऊन आलेले विल्हेल्म फेल्डबर्ग आणि मार्थे फोग्ट यांनी 1936 पर्यंत दाखवून दिलं की तिथेही ॲसिटिलकोलिनच सुटतं. 1920 ला बरोबर आलेला अंदाज आणि 1933 ला चुकलेला अंदाज एकाच डोक्यातून आले होते.

दुसरं स्वप्न

हे प्रकरण लोवींवर संपवलं तर अर्धंच राहील, कारण त्याला एक जोडीदार प्रकरण आहे आणि ते फारसं सांगितलं जात नाही.

हृदय आणि स्नायू गेले तरी मेंदू आणि मज्जारज्जूतले सांधे विजेवरच चालतात, असा हट्ट धरणाऱ्यांचे म्होरके होते ऑस्ट्रेलियाचे जॉन एक्लस. डेल आणि त्यांची वर्षानुवर्षं जाहीर भांडणं झाली, पत्रव्यवहार मात्र स्नेहाचा राहिला. एक्लस न्यूझीलंडमधल्या डनेडिनला असताना त्यांना एक कोडं सतावत होतं. एक मज्जापेशी दुसरीला उद्दीपित करते हे विजेने समजावता येईल, पण एक पेशी दुसरीला दाबते, गप्प करते, ते विजेने कसं? 1947 मध्ये त्यांना याचं उत्तर स्वप्नात दिसलं. मधे एक छोटी पेशी घातली की विजेच्या प्रवाहाची दिशा अशी होते की पुढची पेशी दबते.

जाग आल्यावर एक्लसना आठवली ती लोवींची न लागलेली चिठ्ठी. ते झोपले नाहीत. तासभर अंथरुणात जागत त्यांनी स्वप्नाचा प्रत्येक धागा तपासला. तोवर हाती असलेल्या प्रत्येक प्रयोगाशी तो जुळत होता. त्याच वर्षी चँडलर ब्रुक्स यांच्यासह त्यांनी तो 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केला.

म्हणजे लोवींपेक्षा एक्लसनी जास्त काळजी घेतली होती. लोवींनी विचार न करता कृती केली, एक्लसनी तासभर विचार केला. लोवींचा आक्षेप झोपला होता, एक्लसनी आपले सगळे आक्षेप उठवून एकेकाला उत्तर दिलं. स्वप्नाची खात्री दोघांना सारखीच वाटली होती.

फरक पडला तो इथे: स्वप्नाच्या आधीच एक्लसची, तेव्हा न्यूझीलंडमध्येच असलेल्या तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांच्याशी गाठ पडली होती. सिद्धांत इतका रोखठोक मांडा की तो खोटा ठरवता येईल, हा पॉपरचा आग्रह त्यांनी मनावर घेतला. विजेचं म्हणणं खरं असेल तर पेशीच्या आत कोणत्या दिशेला बदल दिसायला हवा हे त्यांनी आधीच ठरवून टाकलं. ऑगस्ट 1951 मध्ये लॉरेन्स ब्रॉक आणि जॅक कूम्ब्ज यांच्यासह त्यांनी मांजराच्या मज्जारज्जूतल्या एका पेशीत अतिसूक्ष्म काचेची सुई घातली. दाबणारा संदेश आला तेव्हा पेशीच्या आतला विद्युतदाब ज्या दिशेला सरकला, ती स्वप्नाच्या नेमकी उलट होती. एक्लसनी ताबडतोब मान्य केलं: इथेही रसायनच. वीस वर्षं ज्या बाजूने भांडले ती त्यांनी स्वतःच्या हाताने सोडली, आणि पुढच्या कामाबद्दल 1963 मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

गंमत म्हणजे त्याच 1963 मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. गोल्डफिशच्या मेंदूत माउथनर नावाची एक अजस्र पेशी असते. धोका जाणवताच माशाने झपकन शेपूट मारावी, हे काम तिचं. फुरुकावा आणि फर्शपान यांना दिसलं की या पेशीला गप्प करण्याचे दोन मार्ग आहेत. एक रासायनिक. दुसरा चक्क विजेचा. यंत्रणा एक्लसच्या चित्राबरहुकूम नव्हती, पण एक पेशी दुसरीला विजेने दाबू शकते ही मूळ गोष्ट निसर्गात खरोखर होती. मांजराच्या मज्जारज्जूत तेवढी नव्हती.